लाख किलोमीटर पळालेली स्पोर्ट्‌स कार घ्यावी का?

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्सची वस्ती बदल्यांच्या तालावर चालते. रेल्वे स्थानक लागूनच आहे, मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय आणि पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय याच शहरात आहेत, आणि जम्मू-काश्मीर रायफल्स व ग्रेनेडियर्स या दोन रेजिमेंटांची केंद्रे सांभाळणारी मोठी छावणीही इथेच आहे. अशा गावात माणसे येतात, तीन-चार वर्षे राहतात आणि बदलीचा हुकूम आला की सामान बांधतात. त्यांच्याबरोबर परराज्यांच्या पाट्या लावलेल्या गाड्या येतात आणि त्यांतल्या काही इथेच विकल्या जातात. अशा वेळी एखादी स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस किंवा फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय विक्रीला निघते. रंग उत्तम, आवाज दमदार, किंमत नव्या साध्या हॅचबॅकच्या आसपास. फक्त मीटरवर एक लाख वीस हजारांचा आकडा. घरातली वडीलधारी माणसे तो आकडा ऐकूनच नको म्हणतात, तरुणांना तो आकडा दिसतच नाही. दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या प्रश्नावर उभ्या आहेत, असे माझे मत आहे. किती पळाली हा प्रश्न दुय्यम आहे. ती कशी पळाली, त्याचा कागद कुठे आहे, आणि पुढची तीन वर्षे तिला पोसायला इथे पैसा व हात आहेत का, यांवर निर्णय व्हायला हवा. या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर लाख किलोमीटर पळालेली वेगवान गाडी ही शहाणपणाची खरेदी ठरू शकते. ती नसतील, तर चाळीस हजारांचा आकडाही वाचवणार नाही.

आधी हे स्पष्ट करू की आपल्या बाजारात स्पोर्ट्‌स कार म्हणजे नेमके काय. दोन आसनांची, फक्त वेगासाठी घडवलेली गाडी इथे फारशी रुजलीच नाही. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची छोटी गाडी आणि दिलीप छाब्रियांची, २०१२ च्या ऑटो एक्स्पोत मांडलेली अवंती, हे आपल्याकडचे दोन प्रामाणिक प्रयत्न. दोन्हींची संख्या थोडी राहिली. पॉर्शा, बीएमडब्ल्यू झेड-४ किंवा ऑडी टीटी जुन्या बाजारात भेटतात, पण जबलपूरच्या सामान्य खरेदीदारासमोर प्रत्यक्षात येतात त्या घरगुती अंगाच्या, पण जोरकस इंजिनाच्या गाड्या. आणि त्यांतल्या बऱ्याच महाराष्ट्रात घडलेल्या आहेत. २००४ ची १५० अश्वशक्तीची ऑक्टेव्हिया व्हीआरएस आणि २०१७ ची २३० अश्वशक्तीची तिची वारसदार या छत्रपती संभाजीनगरच्या, पोलो जीटी टीएसआय चाकणची, तर १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो रांजणगावची. या गाड्यांची किंमत साध्या गाड्यांपेक्षा वेगाने उतरते, कारण पहिल्या खरेदीदाराला हवी असलेली ताकद दुसऱ्या खरेदीदाराला भीतिदायक वाटते. पोलो जीटीआयचे उदाहरण बोलके आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात ती जवळपास २६ लाखांना आली, ९९ गाड्याच आणल्या होत्या, तरीही वर्षभरात कंपनीला तिची किंमत वीस लाखांच्या आत आणावी लागली. ज्याने ती पहिल्या महिन्यात घेतली, त्याचे सहा लाख गाडी फारशी न चालवताच गेले. जुन्या गाडीच्या खरेदीदाराचा फायदा इथेच आहे: किमतीची सगळ्यात मोठी घसरण दुसऱ्या कुणीतरी सोसलेली असते.

आता त्या आकड्याकडे वळू. मीटर अंतर मोजते, श्रम मोजत नाही. साधा हिशेब करा. जबलपूर-नागपूर महामार्गावर, लखनादौन-शिवनीच्या वाटेने सरासरी ताशी ८० किलोमीटरने धावलेल्या गाडीचे इंजिन लाख किलोमीटरांत १,२५० तास चालते. शहराच्या गर्दीत ताशी २० किलोमीटरने तेवढेच अंतर कापायला ५,००० तास लागतात. ताशी १५ च्या गतीने सरकणारी, फक्त तीस हजार किलोमीटर झालेली महानगरातली गाडीसुद्धा २,००० तास चाललेली असते. म्हणजे तीस हजारांचा आकडा दाखवणारी गाडी लाख दाखवणाऱ्या गाडीपेक्षा जास्त राबलेली असू शकते. शिवाय शहरी तास जास्त कष्टाचे: थंड इंजिन, अर्धवट तापलेले तेल, सतत क्लच, सतत ब्रेक, आणि टर्बोला थंड व्हायला वेळ न देता बंद केलेले इंजिन. महामार्गावर इंजिन एका ठरावीक उष्णतेला स्थिर राहते आणि गिअरबॉक्सला फारसे काम नसते. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो गाडी कुठे आणि कोणत्या कामासाठी चालत होती हा. आठवड्याला नागपूरला जाऊन येणाऱ्या माणसाची गाडी आणि दिल्लीत रोज कार्यालयात जाणाऱ्याची गाडी यांत मीटर सारखे दिसले तरी फरक मोठा असतो.

जास्त राबलेले वाहन पारखून घेणे जबलपूरला नवे वाटू नये. या शहराच्या व्हेइकल फॅक्टरीने शक्तिमान ट्रक आणि निसान पेट्रोलवर आधारलेली जोंगा लष्करासाठी बनवली. चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची ही गाडी १९९९ पर्यंत बनत होती. लष्कराने निवृत्त केलेल्या जोंगा लिलावातून सामान्य नागरिकांकडे गेल्या आणि हौशी लोक आजही त्या शोधत असतात. महेंद्रसिंग धोनीने रांचीत अशीच एक घेतल्याची बातमी २०१९ साली गाजली होती. लिलावातली जोंगा नवी नसे, हलकी वापरलेलीही नसे. पण लष्करी वाहनाच्या प्रत्येक फेरीची आणि दुरुस्तीची नोंद ठेवण्याची शिस्त असते, यंत्र उघडून जोडता येण्याजोगे असते, आणि तोफगाडी कारखान्यापासून खमरियापर्यंतच्या कारखान्यांमुळे लोखंडाची जाण असलेले हात या शहरात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले आहेत. या तीन गोष्टींनीच जुन्या यंत्राला किंमत येते. जोंगा स्पोर्ट्‌स कार नव्हे, हे मान्य. पण जास्त पळालेले वाहन कशाच्या बळावर घ्यावे, याचा उत्तम धडा या शहराच्याच मातीत आहे.

अंतरापेक्षा काळ जास्त झीज करतो, ही दुसरी बाजू कमी सांगितली जाते. सस्पेन्शनचे रबरी बुश, कूलंटचे पाइप, दारांची रबरे, इंजिनाची सील, टायर हे सगळे उभ्या गाडीतही कडक होतात, तडकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, मग गाडी चालो वा न चालो. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. भरपूर नक्षी उरलेला पण आठ वर्षांचा टायर वेगवान गाडीला धोक्याचा. दहा वर्षांत पंचवीस हजार किलोमीटर झालेली गाडी बहुधा महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली असते. अशा गाडीला नव्यासारखी म्हणत जास्त पैसे मोजले जातात आणि पहिल्या उन्हाळ्यात, जबलपूरच्या मे महिन्यात, तिचे पाइप आणि सील एकामागून एक साथ सोडतात. उलट, नियमित धावलेल्या गाडीत तेल फिरत राहते, बॅटरी भरत राहते आणि बिघाड लहान असतानाच कळतात. याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण एक स्पोर्ट्‌स कारच आहे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षक अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ साली व्होल्वो पी-१८०० घेतली आणि २०१३ साली तिने तीस लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. इंजिन पहिल्यांदा पूर्ण उघडले ते ६ लाख ८० हजार मैलांनंतर. गॉर्डन यांचा रोजचा प्रवास लांब पल्ल्याचा होता आणि तेलपाणी वेळच्या वेळी होत होते. त्या गाडीत याहून वेगळी जादू नव्हती.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला, गॉर्डन हे पहिलेच आणि एकमेव मालक होते. त्यांची गाडी त्यांच्यासाठी टिकली, तिसऱ्या मालकासाठी नव्हे. हे खरे आहे, आणि म्हणूनच मालकांची संख्या मी किलोमीटरच्या आधी पाहीन. एका मालकाची दीड लाखाची गाडी चार मालकांच्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा विश्वासाची, कारण चार जणांनी ती लवकर लवकर का सोडली याचे उत्तर सहसा कुणाकडे नसते. दुसरा आक्षेप जर्मनीतून येतो. तिथल्या टीयूव्ही या तपासणी संस्थेच्या अहवालांत पॉर्शा ९११ ही गाडी जुन्या वयोगटांतही अनेक वर्षे सर्वांत कमी दोषांच्या गाड्यांत राहिली आहे, आणि ती सहसा कमी पळालेली असते. मग कमी पळणे हेच गुणाचे नाही का? माझे उत्तर असे की, ९११ चे मालक कमी चालवतात आणि सगळी कामे वेळेवर, ठरलेल्या ठिकाणी करतात. आणि दर दोन वर्षांनी तपासणीला उभे राहावे लागत असल्याने दुर्लक्ष लपत नाही. तिथे कमी अंतराच्या बरोबरीने कागद आहे. आपल्याकडे कमी अंतराच्या बरोबर बहुतेक वेळा फक्त विक्रेत्याचा शब्द असतो.

त्या शब्दावर किती भरवसा ठेवावा, हा या विषयातला सर्वांत दुखरा भाग आहे. मीटर मागे फिरवणे ही जगभरची फसवणूक आहे. अमेरिकेने १९७२ साली त्याविरुद्ध कायदा केला, तरी तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाचा अंदाज वर्षाला साडेचार लाख गाड्या खोट्या आकड्याने विकल्या जातात असा आहे. बेल्जियमने वेगळी वाट धरली: २००६ पासून प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी गाडीचा आकडा एका मध्यवर्ती नोंदीत जातो आणि विक्रीच्या वेळी त्या नोंदीचा दाखला द्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीतला आकडा कुणालाही पाहता येतो. आपल्याकडे खासगी गाडीला पंधरा वर्षांपर्यंत फिटनेस तपासणीच नसते, त्यामुळे मधल्या काळातला आकडा सरकारी नजरेखालून जातच नाही. डिजिटल मीटर आल्यावर आकडा बदलणे जुन्या चाकांच्या मीटरपेक्षा सोपे झाले. म्हणून लहान आकडा हा स्वतःच संशयाचा विषय आहे आणि मोठा आकडा, विचित्र वाटेल, पण जास्त विश्वासार्ह: एक लाख वीस हजार दाखवणाऱ्याने बहुधा काही लपवलेले नसते.

पडताळा मात्र करता येतो, आणि तो केल्याशिवाय बयाणा देऊ नये. अधिकृत वर्कशॉपकडे चॅसिस नंबरवरून सर्व्हिसची नोंद निघते. मालकासोबत जाऊन ती घ्यावी, त्याने मोबाइलवर दाखवलेला फोटो पुरेसा नाही. प्रत्येक बिलावरचा आकडा वाढत गेलेला आहे का ते ओळीने पाहावे. स्कॅनर लावला की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या संगणकात जुन्या बिघाडांच्या नोंदींबरोबर तेव्हाचे किलोमीटरही अनेकदा सापडतात. ते मीटरशी जुळले पाहिजेत. पेडलचे रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड या गोष्टी चाळीस हजारांत झिजत नाहीत. रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र डेंटिंग-पेंटिंग कुठे झाले ते सांगते. आणि गाडी लिफ्टवर घ्यायलाच हवी: खालून वाकलेला सांगाडा, तेलाचे ओघळ, गाळाचे थर उघड्यावर येतात. गाळावरून एक सांगावेसे वाटते. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१५ चे चेन्नई, २०१९ चे कोल्हापूर-सांगली, प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या पुसून दूरच्या शहरांत विकायला जातात. सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते.

साध्या गाडीची तपासणी इथे संपली असती. वेगवान गाडीत मात्र मागच्या मालकाचा हात जास्त खोल उतरलेला असतो. टर्बो इंजिनाचा संगणक बदलून ताकद वाढवणे, म्हणजे रिमॅप, हे काम तासाभरात होते आणि विकताना तासाभरात काढूनही टाकता येते. पण दोनशे अश्वशक्तीच्या गिअरबॉक्सवर अडीचशेचा भार वर्षभर पडला असेल, तर तो मूळ प्रोग्रॅम परत घातल्याने उतरत नाही. फोक्सवॅगन गटाच्या गाडीत अधिकृत वर्कशॉपच्या प्रणालीवर बदललेल्या संगणकाची खूण राहू शकते. ती विचारून घ्यावी. कायदाही इथे कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारासाठी पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. विमा कंपनीला न सांगितलेला फेरफार अपघातानंतर भरपाई नाकारायला कारण ठरतो. म्हणून माझा आग्रह असा: फेरफार केलेली गाडी कितीही स्वस्त असली तरी पहिल्यांदा स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याने तिला हात लावू नये. मूळ अवस्थेतली दीड लाखाची गाडी सजवलेल्या पन्नास हजारांच्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

मग प्रत्येक मॉडेलचे स्वतःचे दुखणे येते, आणि इथे किलोमीटरचा आकडा खरोखर कामाचा ठरतो. गाडी चांगली की वाईट हे त्यातून कळत नाही, पण कोणते काम आता येऊन ठेपले आहे ते कळते. २००४ च्या व्हीआरएसचे १.८ टर्बो इंजिन टायमिंग बेल्टवर चालते. लाखाच्या आसपास बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदललेला नसेल आणि बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जाते. त्यामुळे एक लाख वीस हजार पळालेली आणि बेल्टचे बिल असलेली गाडी ही नव्वद हजार पळालेल्या, बिल नसलेल्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. २०१७ च्या २३० अश्वशक्तीच्या व्हीआरएसमध्ये टायमिंग चेन आहे, पण थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचे प्लॅस्टिकचे घर गळते, हे त्या इंजिनाचे जगभर माहीत असलेले दुखणे. आणि तिच्या तेलात बुडालेल्या क्लचच्या सहा गिअरी डीएसजीचे, म्हणजे दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे, तेल दर साठ हजारांना बदलायचे असते. पोलो जीटी टीएसआयच्या जुन्या १.२ लिटर आवृत्तीत आणि पोलो जीटीआयमध्ये सात गिअरांची कोरड्या क्लचची डीएसजी आहे. याच घराण्यातल्या गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे २०१३ साली फोक्सवॅगनला चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गर्दीत रांगत चालवलेल्या अशा गाडीचे मेकाट्रॉनिक (गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारे यंत्र) गेले, तर खर्च लाखाच्या पुढे जातो. त्यामुळे ही गाडी घेताना थंड इंजिनावर चढणीला, रिव्हर्समध्ये आणि वाहतुकीत हळू सरकत चालवून पाहावी. धक्का, थरथर, गिअर गळणे यांतले काहीही दिसले तर किमतीवर घासाघीस करत बसू नये, गाडी सोडावी. अबार्थ पुंतो चालवायला या सगळ्यांत सर्वांत जिवंत, पण फियाटने भारतातली गाड्यांची विक्री गुंडाळली आहे. तिच्या साध्या भागांसाठीही शोध घ्यावा लागतो. पॉर्शाच्या १९९७ ते २००८ च्या काळातल्या अनेक बॉक्स्टर आणि ९११ इंजिनांत मधल्या शाफ्टचे बेअरिंग निकामी होऊन इंजिन जाते, आणि हे कमी पळालेल्या गाड्यांतही घडले आहे. ती जबलपुरात सांभाळणे हा निराळ्याच खिशाचा विषय आहे.

पैशाचा हिशेब याच टप्प्यावर मांडावा. समजा, एकाच वर्षाच्या दोन व्हीआरएस आहेत. साठ हजार पळालेली अकरा लाखांना, एक लाख तीस हजार पळालेली आठ लाखांना. तीन लाखांच्या फरकात टायर, चारही ब्रेक डिस्क, सस्पेन्शनचे बुश व शॉक, गिअरबॉक्सचे तेल, वॉटर पंप इतकी कामे होऊन पैसे उरण्याची शक्यता असते, आणि ती कामे झाल्यावर दुसरी गाडी पहिलीपेक्षा ताजी होते, कारण पहिलीत तीच कामे अजून यायची आहेत. पण हा हिशेब तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा ते तीन लाख खरोखर बाजूला ठेवलेले असतात. आठ लाख ही आपली शेवटची ताकद असेल, तर आठ लाखांची गाडी घेऊ नये. किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी राखून गाडी निवडावी. विम्याकडून मोठा आधार मिळेल असेही समजू नये. पाच वर्षांनंतर गाडीचे विमामूल्य कोष्टकावर ठरत नाही, परस्पर संमतीने ठरते. साध्या पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के आणि रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा आपल्या खिशातून जातो. जबलपूरच्या खरेदीदाराला आणखी एक खर्च असतो: स्थानिक मेकॅनिकला जमणार नाही असे काम निघाले, तर गाडी फ्लॅटबेडवर घालून सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला न्यावी लागते. म्हणून गाडी पाहण्याआधी मेकॅनिक पाहावा. डीएसजीचे तेल कधी बदलायचे आणि स्कॅनरने काय वाचायचे, हे विचारल्यावर ज्याच्याकडे ठोस उत्तर असेल, तोच मेकॅनिक या गाडीसाठी योग्य.

कायदा आणि इंधन या बाजूंनीही लोक घाबरतात. त्यातली काही भीती खरी आहे. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क मोटारीसाठी ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि आयात गाडीसाठी ४०,०००. २०२५ च्या बदलाने वीस वर्षांहून जुन्या गाडीसाठी हेच आकडे दुप्पट झाले. त्यामुळे संभाजीनगरात जुळवलेली २०१७ ची व्हीआरएस आणि पूर्ण आयात झालेली पोलो जीटीआय यांत पुढे मोठा फरक पडेल. दिल्लीत पंधरा वर्षांची पेट्रोल आणि दहा वर्षांची डिझेल गाडी यांच्यावर हरित लवाद आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंधने आल्यापासून तिथल्या गाड्या स्वस्तात मध्य प्रदेशाकडे येऊ लागल्या. त्या घ्यायला हरकत नाही, पण ना हरकत प्रमाणपत्र, कर्ज फिटल्याची नोंद आणि थकलेली ई-चलने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल, तर एमपी-२० ची नवी नोंदणी आणि त्यावरचा कर हा किमतीचाच भाग धरावा. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलचा प्रश्न जुन्या गाड्यांना खरोखर आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या चारचाकी गाड्यांचे अॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. मात्र गाडीच्या आयुष्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे ती इंधनाच्या नळ्या आणि रबरांची तपासणी. २००४ च्या गाडीत ती बदलायचीच, असे धरून चालावे.

इतके सगळे सांभाळण्यापेक्षा नवी गाडी घेतलेली काय वाईट, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. नव्या गाडीला वॉरंटी आहे, जागोजागी सर्व्हिस सेंटर आहे, रात्री अपरात्री नागपूरच्या वाटेवर पेंचच्या जंगलात थांबायची भीती नाही. ज्या घरात एकच गाडी आहे, तीच शाळेला, दवाखान्याला आणि गावाला जाते, त्या घराने हा आक्षेप मान्य करावा आणि लाख किलोमीटरच्या स्पोर्ट्‌स कारचा नाद सोडावा; इथे मला दुसरी बाजू दिसत नाही. पण घरात भरवशाची दुसरी गाडी असेल आणि मालकाला यंत्रात खरा रस असेल, तर आठ-दहा लाखांत नव्या बाजारात त्या तोडीचे इंजिन, ब्रेक आणि रस्त्यावरची पकड मिळत नाही. आज नवी मिळणारी साधी गाडी सोयीची आहे, पण ती दुसऱ्या गरजेचे उत्तर आहे. चांगल्या यंत्राची ओढ ही उधळपट्टी नाही. हिशेब न करता केलेली खरेदी उधळपट्टी आहे.

विक्रेत्यांना आणि सरकारला एक विनंती करावीशी वाटते. बदलीवर निघालेल्या अधिकाऱ्याने गाडीसोबत प्रत्येक बिलाची फाइल द्यावी आणि व्यवहार झाल्यावर परराज्यातील विक्रीसाठीच्या ४५ दिवसांच्या मुदतीत हस्तांतर कळवावे. अपघात झाला तर नोंदणीवर ज्याचे नाव आहे त्यालाच भरपाईसाठी जबाबदार धरले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे हे काम विक्रेत्याच्याही हिताचे आहे. आणि दर पीयूसीच्या वेळी मीटरचा आकडा वाहन पोर्टलवर चढवून तो कुणालाही पाहता येईल अशी सोय झाली, तर मीटर फिरवणाऱ्यांचा धंदा बसेल. तोवर खरेदीदाराने बिलांची फाइल नसलेल्या गाडीवर बयाणा देऊ नये.